लहान मातीचे धरण : सुरक्षितता आणि सहलीचा वापर

लहान मातीचे धरण म्हणजे ओढ्यावर किंवा नाल्यावर माती आणि मुरूम थराथराने दाबून घातलेला, बहुधा पंधरा मीटरपेक्षा कमी उंचीचा बांध. महाराष्ट्रात पाझर तलाव, गावतलाव, लघु पाटबंधारे तलाव हे सगळे याच जातीचे. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले तलावही मातीच्या पाळीवरच उभे आहेत. शेतीचे पाणी, जनावरांचे पाणी आणि खालच्या विहिरींना पाझर एवढ्यासाठी ही कामे झाली. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेवर पाझर तलाव गावोगाव निघाले. पावसाळी सहली, पोहणे, गळ टाकणे, काठावर तंबू ठोकून मुक्काम हे उपयोग मागाहून आले. बांधणाऱ्यांनी ते आराखड्यात धरलेले नव्हते.

रचना

भरावाच्या मध्यभागी पाणी सहजी न झिरपणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे कवच असते. गाभा जमिनीखाली चरातून उतरवून पक्क्या थरात रुतवतात, नाहीतर पाणी भरावाखालून वाट काढते. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार सोसण्यासाठी दगडांचे अश्मपटल बसवतात. मागच्या पायथ्याशी दगडांची टाच आणि वाळूची गाळणी ठेवतात. मातीचे धरण थोडे पाझरणारच. तो पाझर माती न घेता बाहेर यावा, एवढ्याचसाठी ही गाळणी असते.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याची वाट, भरावावर कधी काढत नाहीत. तो एका बगलेला, जमल्यास कातळावर काढतात. लहान धरणाच्या सांडव्याला सहसा दरवाजे नसतात. तलाव भरला की पाणी आपोआप पडू लागते. बांधकामाचा आणि देखभालीचा खर्च त्यामुळे वाचतो. मात्र दरवाजे उघडण्याआधी जो भोंगा वाजतो तोही इथे नसतो. पाणलोट लहान असल्याने डोंगरात जोराची सर झाली की सांडव्यावरचे पाणी थोड्याच वेळात वाढते, आणि खाली कोरडे ऊन असले तरी ते वाढते.

भराव कसा जातो

मातीच्या धरणाला दोन गोष्टी मारतात : माथ्यावरून गेलेले पाणी आणि पोटातून गेलेले पाणी. दगडी भिंतीवरून पाणी गेले तर ती बरेचदा तग धरते. मातीचा भराव मागच्या उतारापासून उकरला जातो आणि काही तासांत मधोमध खिंडार पडते. म्हणून सांडवा झाडाझुडपांनी, मुरमाने किंवा मासे अडवायला लावलेल्या जाळीने तुंबणे ही लहान बाब नव्हे. जाळीत पालापाचोळा अडकला की सांडव्याची रुंदी निम्मी झाल्यासारखी होते आणि ते पाणी माथ्याकडे चढते.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. भरावात कुठेतरी बारीक वाट मिळाली की पाणी मातीचे कण घेऊन बाहेर पडते आणि वाट मागे मागे रुंद होत जाते. ही वाट विमोचकाच्या, म्हणजे तलावातले पाणी बाहेर सोडण्याच्या सोयीच्या, नळाभोवती नीट न दाबलेल्या मातीत सापडते, कुजलेल्या मुळाच्या पोकळीत सापडते, उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगेत सापडते, घुशी-खेकड्यांच्या बिळातही सापडते. भरावावर गवत चालते, बाभूळ चालत नाही, ते याचमुळे. पायथ्याशी येणारे पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवायचे. ते गढूळ झाले, किंवा एकाएकी वाढले, तर आतून माती निघाली आहे असे समजायचे. अशा जागी बाहेरून चिखल थापून तोंड बुजवणे हा गावात हमखास सुचणारा आणि चुकीचा उपाय आहे. कोंडलेले पाणी शेजारी फुटते. योग्य उपाय म्हणजे आधी वाळू, मग खडी, मग दगड असा थर देऊन पाणी येऊ द्यायचे आणि माती अडवायची, शिवाय तलावाची पातळी उतरवायची. तीही बेताने, कारण पाणी झपाट्याने उतरले तर आतल्या बाजूचा ओला उतार घसरतो.

गाळ काढणे चांगले काम असले तरी आतल्या पायथ्याला लागून खोदणे घातक ठरते. तिथे साचलेला चिकण गाळ पाझर रोखून धरत असतो. यंत्राने तो खरवडला की पुढच्या पावसात मागच्या बाजूला ओल दिसू लागते.

तिवरे

२ जुलै २०१९च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण मुसळधार पावसात फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे दगावली. धरण गळते आहे, अशी तक्रार ग्रामस्थांनी आधी केली होती. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले आणि नंतरचे कित्येक दिवस चर्चा खेकड्यांवरच झाली. खेकडे बांध पोखरतात यात खोटे काही नाही, भातखाचराचा कोणताही मालक ते सांगेल. पण बीळ दिसल्यावर ते खणून, माती दाबून भरणे हे देखभालीचे नेहमीचे काम आहे. ते झाले नाही, तर दोष प्राण्याचा धरता येत नाही.

कायदा आणि मालकी

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा केंद्रीय कायदा पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे काही अटींवर त्यात येतात : माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, पूरविसर्ग किमान सेकंदाला २,००० घनमीटर, पाया विशेष अवघड किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी, यांपैकी एकही पुरते. अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी मालकाला बंधनकारक आहे. दहा मीटरखालचे असंख्य तलाव या चौकटीबाहेर राहतात. महाराष्ट्रात शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारी कामे जिल्हा परिषदेकडे, त्यावरची मृद व जलसंधारण विभागाकडे आणि आणखी मोठी जलसंपदा विभागाकडे असतात. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे आणि सहलीला आलेल्यांची गर्दी पोलिसांकडे. एका तलावाला एवढे धनी असले की सांडव्यातली झुडपे नेमकी कोणी तोडायची, हे पावसाळा तोंडावर येईपर्यंत ठरत नाही.

सहलीचा वापर

आलेल्या माणसाला आवडणाऱ्या जागा म्हणजे सांडवा, माथा आणि पाण्याकडचा उतार. धरणाच्या दृष्टीने नाजूक जागाही याच आहेत. माथ्यावर गाड्या नेल्या की चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचून भरावात मुरते. ठरावीक पायवाटेने उतरले की पावसात तिथे घळ होते. चुलीसाठी अश्मपटलाचा दगड उचलला की शेजारचा सैल होतो आणि लाट आतली माती ओढते.

माणसाला असलेला धोका वेगळा आहे. भरावाची माती बरेचदा तलावाच्या पोटातूनच काढलेली असते. त्या खाणी पाण्याखाली तशाच राहतात, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट पुरुषभर खोलीत पडते. गाळ काढलेल्या तलावांत असे खड्डे आणखी वाढतात. विमोचकाच्या विहिरीजवळ पाणी सुरू असताना ओढ असते. सांडव्याच्या कातळावर शेवाळ असते, आणि एकदा पाय सुटला की सांडव्याचे पाणी पुढे नेणाऱ्या पुच्छ कालव्यात धरायला काही नसते.

लोणावळ्याचे भुशी धरण दगडी आहे, रेल्वेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेले. तरी त्याचे उदाहरण इथे लागू पडते. ३० जून २०२४ रोजी तिथे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते धरणाच्या भिंतीवरून नव्हे, तर तलावाच्या मागच्या अंगाच्या धबधब्यातून. पाणलोटातला ओढा हाही धरणाचाच भाग मानायला हवा. अशा घटनांनंतर जिल्हाधिकारी बंदीचा आदेश काढतात, पण सरसकट बंदी शनिवार-रविवारची गर्दी पुढच्या बंदी नसलेल्या तलावावर ढकलते.

सहल आणि धरण एकत्र नांदू शकतात, हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यातल्या धामापूर तलावावर दिसते. १५३० साली बांधलेला हा तलाव दोन टेकड्या जोडणाऱ्या सुमारे ११ मीटर उंच आणि २७१ मीटर लांब मातीच्या बांधावर उभा आहे. काठावर भगवती देवीचे मंदिर आहे. देवी लग्नकार्याला दागिने देत असे, ही तिथली आख्यायिका. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. साठा २६ लाख घनमीटरच्या आसपास असल्याने उंची आणि साठा यांच्या जोरावर पाचशे वर्षांचा हा बांध आजच्या कायद्याच्या मापात बसतो. देऊळ, दाट झाडी आणि तलावाच्या पाण्यावरची शेती यांमुळे गावाचे लक्ष त्यावर कायम राहिले. काठाने उभारलेल्या स्कायवॉकचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, तोही स्थानिक माणसे जागी असल्यामुळेच.

फिरायला गेलेल्या माणसाला पायथ्याशी गढूळ पाणी, मागच्या उतारावर नवी ओल, माथ्यावर लांबट भेग किंवा खचलेला भाग दिसला, तर सरपंच वा तलाठी यांना आणि १०७७ या क्रमांकावर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला कळवता येते. जागेचा फोटो, वेळ आणि गावाचे नाव सोबत दिले तर शाखा अभियंत्याला नेमके ठिकाण शोधत बसावे लागत नाही.