‘एकमेकांवर प्रीती करा’ ही आज्ञा फक्त ख्रिस्ती लोकांपुरती आहे का?

‘ख्रिस्ती धर्मातली प्रेमाची आज्ञा फक्त आपल्या धर्माच्या माणसांसाठी आहे’ असा मजकूर गोव्यात अधूनमधून फिरतो. या समजाला आधार नाही असं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (१३:३४) येशू शेवटच्या भोजनावेळी शिष्यांनाच सांगतो, एकमेकांवर प्रीती करा. एवढंच वाचलं तर कुणालाही तसं वाटेल.

पण त्याच अध्यायात थोडं मागे जावं. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्याला पुढे पकडून देणारा शिष्य यहूदा तिथेच होता. तो उठून गेला त्यानंतर. विश्वासघात करणारा कोण, हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याने त्याचेही पाय धुतले.

मग लूकच्या शुभवर्तमानात १०:२५-३७ पाहा. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावर येशू गोष्ट सांगतो. जखमी वाटसरूला याजक (यहुदी पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) टाळून जातात. मदत करतो तो शोमरोनी, म्हणजे अशा समाजाचा माणूस, ज्यांच्याशी यहुद्यांचा व्यवहारही नसे. मत्तयच्या शुभवर्तमानातलं ५:४४ तर वैऱ्यांवर प्रेम करायला सांगतं. त्याही आधीच्या, जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात (१९:३४) परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे.

मराठी बायबल सहज मिळतं. फोंड्या-म्हापशात शेजारी ख्रिस्ती घर असेल तर तिथेही मागता येईल. एकच वचन न पाहता पूर्ण अध्याय वाचावा.