टेप गेलेली नसते, हेड तिरकं असतं

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. जुन्या स्पूल टेपांवरची भजनं, नाट्यगीतं, आजोबांचं कीर्तन, काहीही द्या. त्यातला गेलेला आवाज एआय परत आणून देतं म्हणे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांत माळ्यावर अशा टेपा पडून आहेत. कुणीतरी हौसेने स्पूलचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणतो आणि टेप लावतो. आवाज दबका येतो, ‘स’ ऐकूच येत नाही, टाळ कुठे हरवले कळत नाही. मग घरातलं मोठं माणूस निकाल देतं: टेप गेली.

बहुतेक वेळा ती गेलेली नसते. टेपवरचं चुंबकत्व पन्नास-साठ वर्षांत आपोआप फारसं उतरत नाही. टेप खराब होते ती चिकटद्रव्य सुटल्याने, बुरशीने, नाहीतर ताणल्याने. आवाज फक्त दबका असेल तर मी आधी एका बारीक स्क्रूकडे बघतो, सॉफ्टवेअरकडे नंतर.

टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर. टेपवर आवाज उमटवणारा चुंबकीय भाग म्हणजे रेकॉर्ड हेड, त्याला एक अतिशय अरुंद फट असते. तिच्यासमोरून टेप सरकते तसं थरातलं चुंबकत्व आवाजाच्या लाटेबरहुकूम उलटसुलट होत जातं. एक लाट टेपवर किती जागा घेते ते शाळेतल्या गणिताने निघतं: वेग भागिले वारंवारता. सेकंदाला 19.05 सेंटिमीटर वेगाने जाणाऱ्या टेपवर 1,000 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांची, लाट सुमारे 190 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जागा घेते, 10,000 हर्ट्झची 19 मायक्रॉन. घरी टेप वाचवायला वेग बहुधा निम्मा ठेवत, म्हणजे 9.5 सेंटिमीटर. तिथे 10,000 हर्ट्झची लाट साडेनऊ मायक्रॉनवर येते.

या लाटा ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर आवाज भरलेल्या पट्ट्याच्या, रुंदीत आडव्या पसरलेल्या असतात. चिकोडी-अथणीकडचं उसाचं रान डोळ्यांपुढे आणा: सरी, वरंबा, सरी, वरंबा. एक लांब सरळ काठी सरीला समांतर टाकली तर अख्खी सरीत बसते. एक पाऊल पुढे टाकली तर अख्खी वरंब्यावर. पण काठी तिरकी पडली की एक टोक या सरीत, दुसरं पुढच्या सरीत आणि मधला भाग वरंब्यावर. टेप वाजवणाऱ्या, म्हणजे प्ले हेडची फट ही ती काठी. आपल्या पूर्ण लांबीखाली जे चुंबकत्व येईल त्याची ती एकत्र बेरीज करते. कुठल्या टोकाला काय होतं ते सांगत नाही. तिरकेपणा बरोबर एका लाटेइतका झाला की बेरीज-वजाबाकी होऊन हातात शून्य उरतं. रेकॉर्डिंग टेपवर शाबूत असतं, हेडला मात्र ते दिसत नाही.

आता आकडे घाला. टेपची रुंदी 6.3 मिलिमीटर. पूर्ण रुंदीचा ट्रॅक असेल, तर एक कड दुसरीपेक्षा 19 मायक्रॉन पुढे गेली की 19.05 सेंटिमीटर वेगावर 10,000 हर्ट्झ साफ नाहीसे होतात. हा कोन निघतो अंशाचा एकषष्ठांश. तेवढ्याच तिरकेपणात 1,000 हर्ट्झचा आवाज दोन टक्केसुद्धा उतरत नाही. फसगत होते ती इथेच. बोलणं कळतं, सूर कळतो, पेटी भरदार वाजते, फक्त वरची धार गायब असते. त्यामुळे यंत्राचा संशय कुणाला येतच नाही.

हेडच्या या तिरकेपणाला अ‍ॅझिमथ म्हणतात. हेडच्या पाटीच्या एका बाजूला स्क्रू असतो, बहुधा त्याच्याखाली स्प्रिंग. स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा आणि टेकू पंधरा मिलिमीटरवर धरला, तर एका पूर्ण फेऱ्याला हेड जवळजवळ दोन अंश कलतं. म्हणजे वरचा सगळा गोंधळ व्हायला फेऱ्याचा दहावा हिस्साही पुरे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, मायक्रॉन त्याच्या रोजच्या बोलण्यात असतो. त्याच्याकडून पितळेचा एक छोटा स्क्रू ड्रायव्हर घडवून घ्या. लोखंडी ड्रायव्हरमध्ये चुंबकत्व बसलेलं असेल तर ते हेडपाशी नको.

कामाचा क्रम पाळावा. आधी हेड, टेपला वाट दाखवणारे गाइड आणि टेप ओढणारा दांडा म्हणजे कॅपस्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. कापसावर जो तपकिरी डाग येतो तो कुणाच्यातरी टेपचा थर असतो. खंडेनवमीला यंत्राची पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू झाकणावरच राहू द्या. हेडच्या तोंडावर बसलेला कुंकवाचा एक कण टेपला तेवढ्या जागी हेडपासून उचलून धरतो. मग डिमॅग्नेटायझर, म्हणजे हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व उतरवणारा. तो लांबच चालू करायचा, हेडजवळ न्यायचा, सावकाश हातभर मागे आणायचा आणि मगच बंद करायचा. घाईने जवळच बंद केला तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकित होतं.

यानंतर टेस्ट टेप. ही बाजारात मिळणारी, अचूक यंत्रावर ठरावीक वारंवारतांचे सूर भरलेली महागडी टेप असते. लावण्यापूर्वी रेकॉर्डचं बटण दाबलेलं नाही ना, ते दोनदा बघावं. सुरुवात 1,000 हर्ट्झपासून करायची आणि मग 10,000 वर जायचं. उलट केलं तर सापळा आहे. तिरकेपणा वाढवत नेला की आवाज शून्याला जातो आणि त्यापुढे पुन्हा थोडा वर येतो, खऱ्या शिखराच्या साधारण एकपंचमांश. नवखा माणूस या खोट्या टेकडीवर चढतो, तिथेच स्क्रू हलू नये म्हणून त्याला नेलपॉलिश लावून मोकळा होतो. लांब लाटेवर खोटी टेकडी इतकी दूर असते की तिथवर स्क्रू सहसा पोचतच नाही. स्टीरिओ यंत्र असेल तर दोन्ही चॅनेल ऑसिलोस्कोपला (लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाला) जोडून लिसाजूची आकृती, म्हणजे एक चॅनेल आडवा आणि दुसरा उभा धरून उमटणारी आकृती, तिरक्या सरळ रेषेवर आणायची. इथेही सुरुवात कमी वारंवारतेनेच, कारण एक पूर्ण लाट चुकली तरी पडद्यावर तीच रेषा दिसते.

इतकं झालं की यंत्र प्रमाणाला बसलं. पण आजोबांची टेप प्रमाणावर भरलेली नसते! ज्या यंत्रावर ती भरली त्याचं हेड तिरकं असेल, तर त्या टेपवरच्या सऱ्याही तिरक्याच आहेत. अशा वेळी प्रमाणाचा हट्ट सोडून हेड त्या टेपच्या तिरकेपणाला जुळवावं लागतं. त्यासाठी टाळ-मृदंगाचं भजन फार सोयीचं, कारण टाळांत वरच्या वारंवारता भरपूर असतात. एकाच चॅनेलवर कान ठेवा आणि टाळ सर्वांत लख्ख वाजेपर्यंत स्क्रू केसभर फिरवत राहा. कानावर भरवसा नसेल तर संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारता किती आहेत त्याचा आलेख, बघा. डिजिटल करायचं ते या अवस्थेत. काम संपल्यावर टेस्ट टेप लावून हेड पुन्हा जागेवर आणा. तिरक्या हेडने भरलेल्या फाइलवर सॉफ्टवेअर चालवलं तर ते वरचा भाग मोठा करतं आणि हाती लागतो तो मोठा झालेला खरखराट. त्यातून आजोबांचा ‘स’ उमटलाच, तर तो आजोबांचा नव्हे, सॉफ्टवेअरने बेतलेला.

नवं रेकॉर्डिंग करायचं नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. प्ले हेड बसल्यावरच रेकॉर्ड हेड त्याच्याशी जुळवायचं, त्यानंतर बायस. बायस म्हणजे आवाजाबरोबर हेडला दिलेला, कानाला ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह. चुंबकीय थराचा वक्र स्वभाव त्याने सरळ होतो. अमेरिकेत कार्लसन आणि कार्पेंटर यांनी 1920 च्या दशकात हे शोधलं, आणि 1940 मध्ये जर्मन रेडिओतल्या वाल्टर वेबर यांना ते नव्याने सापडलं. 10,000 हर्ट्झ भरत बायस वाढवत जायचा; आवाज शिखराला जातो, त्यापुढे ठरावीक डेसिबल उतरला की थांबायचं. 19.05 च्या वेगावर बरेच जण तीन डेसिबल धरतात, पण नेमका आकडा टेपवर आणि रेकॉर्ड हेडच्या फटीवर ठरतो. इक्वलायझेशनचेही, म्हणजे वरच्या-खालच्या वारंवारता ठरवून कमीजास्त करण्याचेही, दोन संप्रदाय आहेत. याच वेगावर अमेरिकी प्रसारकांच्या संघटनेचं प्रमाण एनएबी 3,180 आणि 50 मायक्रोसेकंद मागतं, आंतरराष्ट्रीय प्रमाण आयईसी 70 मायक्रोसेकंद. टेपवरच्या चुंबकत्वाच्या पातळीचा संदर्भ कुठे 185 नॅनोवेबर प्रति मीटर, कुठे 250, कुठे 320. टेस्ट टेपच्या डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय मीटरला हात लावू नये.

वेगाची गोष्ट आपल्या भागात जरा मजेशीर आहे. बऱ्याच जुन्या यंत्रांची मोटर विजेच्या वारंवारतेवर चालते. अमेरिकेहून आणलेलं 60 हर्ट्झचं यंत्र पुली न बदलता आपल्या 50 हर्ट्झवर लावलं तर वेग पाचषष्ठांश होतो, आणि काळी दोनमध्ये गाणारे बुवा पांढरी एकमध्ये उतरतात. कर्नाटक दक्षिणेच्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीजजाळ्यात, आणि महाराष्ट्र पश्चिमेच्या. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात आली. त्याआधी दोन्हीकडची वारंवारता एकच असेल याची हमी नव्हती. एकीकडे 50 आणि दुसरीकडे 48.5 हर्ट्झ असतील तर वेगात तीन टक्के फरक पडतो, म्हणजे पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधलं निम्मं अंतर. बेळगावात भरलेली टेप कोल्हापुरात तंबोऱ्याशी जुळेना, तर गवयाला दोष देण्यापूर्वी वीज मंडळं आठवावीत. उपाय सोपा आहे: टेपवर कुठेतरी पेटी वाजत असेल तर तिच्या पट्टीवरून वेग दुरुस्त करता येतो.

आता भुताबद्दल. गाणं सुरू होण्याच्या क्षणभर आधी तोच आवाज क्षीणपणे ऐकू येतो, आणि गायक हयात नसले की घरात कुजबुज सुरू होते. गुंडाळलेल्या टेपच्या एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं, एवढंच ते आहे, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्याच्या उष्णतेने ते वाढतं. वाजवण्याआधी टेप दोन-तीनदा मागेपुढे गुंडाळली की हा ठसा बराच पुसट होतो. ठेवताना टेपचा शेवट बाहेर राहील अशी ठेवावी. मग जोरकस ठसा गाण्याच्या मागून येतो आणि मूळ आवाजाखाली झाकला जातो.