बास युकुलेले आणि बॅटरीवरचा ॲम्प : ग्राहकांसाठी माहिती

बास युकुलेले नुसता वाजवला तर शेजारी बसलेल्यालाही जेमतेम ऐकू येतो. तारेची वाजती लांबी साधारण 20-21 इंच, पण सूर बास गिटारचेच: ई, ए, डी, जी. सगळ्यांत खालचा ई 41 हर्ट्झचा. साध्या युकुलेलेचा खालचा सी 262 हर्ट्झवर असतो. म्हणून दोन्ही वाद्यांसाठी एकच ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) घ्यायचा असेल तर बास पेलेल असा घ्या. त्यावर युकुलेले आरामात वाजतो, उलटं मात्र होत नाही.

5 इंची स्पीकरचे, सहा पेन्सिल सेलवर चालणारे छोटे ॲम्प युकुलेलेच्या क्लासला किंवा घरच्या मैफलीला पुरतात. अशा स्पीकरमधून 41 हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही. ऐकू येतात ते त्याच्या वरचे 82 आणि 123 हर्ट्झचे उपस्वर, आणि कान खालचा सूर स्वतःच ओळखून घेतो. बहुतेक जण इथे बासचं, म्हणजे खालच्या सुरांचं, बटण पूर्ण वर करतात. मग स्पीकरचा पडदा फडफडतो, आवाज फाटतो आणि सेल लवकर उतरतात. त्याऐवजी बास थोडा कमी करा आणि मिड (मधले सूर) वाढवा. सूर स्पष्ट होतो आणि एकूण आवाजही चढवता येतो. गच्चीवर किंवा बागेत वाजवायचं तर 8 इंची स्पीकर आणि 30 ते 50 वॉट लागतात. खोक्यावरच्या नुसत्या वॉटच्या आकड्याला भुलू नका: वॉट दुप्पट झाले तरी आवाज 3 डेसिबलनेच वाढतो.

रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे, साधे अल्कलाइन 1.5 चे. सहांचे मिळून 7.2 आणि 9 व्होल्ट होतात, त्यामुळे रिचार्जेबलवर काही ॲम्पचा ‘बॅटरी लो’ दिवा लवकर लागतो. नवे-जुने सेल एकत्र घालू नका, उतरलेला सेल गळतो. ब्लूटूथ स्पीकर वाजवण्यासाठी घेऊ नका. तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो आणि ताल सुटतो.

आवाज पातळ, पत्र्यासारखा येतोय? नायलॉनच्या किंवा पॉलियुरेथेनच्या तारांवर चुंबकी पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) चालत नाही, म्हणून घोडीखाली दाबावर चालणारा पिझो पिकअप असतो. त्याला किमान 1 मेगाओहमचं इनपुट लागतं. प्रीॲम्प (पिकअपचा सिग्नल पुढच्या यंत्राला जुळवून देणारं सर्किट) नसलेला पिझो साउंड मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट जोडला की खालचे सूर गळतात. मध्ये प्रीॲम्प किंवा पिझोसाठीचा डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जुळवून जोडणारा डबा) लावा. वाद्यातच प्रीॲम्प असेल तर वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवा. बऱ्याच वाद्यांत जॅक आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते, आणि सकाळी ती मेलेली सापडते.

पॉलियुरेथेनच्या जाड तारा सुरुवातीला रोज उतरतात. वाद्यात दोष नाही, तारा ताणल्या जातायत. तार खुंटीत घालून आधी हाताने ओढून ढिली जागा काढा, मग गुंडाळा. दीड-दोन वेढे पुरे, जास्त झाले की एकावर एक चढून घसरतात. मग बाराव्या पडद्यापाशी तार हळूच वर ओढायची, सूर पुन्हा लावायचा, असं पाच-सहा वेळा. दमट हवेत बोटं चिकटतात, तेव्हा बोटांना चिमूटभर टाल्कम पावडर लावा. एकच तार दबकी वाजत असेल तर बहुधा घोडीवरची पट्टी पिझोवर सपाट बसलेली नसते. पट्टी घासायच्या आधी वाद्य आमच्याकडे आणा. बास गिटारच्या पोलादी तारा लावू नका. त्यांचा ताण घोडी उखडून काढतो.

शिट्टी किंवा घुमणारा आवाज आला की ॲम्प तुमच्या पुढे न्या, वाद्याचं तोंड त्याच्याकडून वळवा आणि फेजचं (आवाजाची लहर उलटी करणारं) बटण असेल तर दाबून पाहा. तरी घुमलं तर बास कमी करा आणि वाद्याच्या भोकात स्पंजची चकती बसवा.

ॲम्प बघायला येताना स्वतःचं वाद्य आणि केबल घेऊन या. दुकानातल्या वाद्यावर छान वाजलेला ॲम्प तुमच्या पिकअपवर तसाच वाजेल असं नाही.