सिलिकॉन नायट्राइड : अल्फा-बीटाचा घोळ आणि द्रवाची करामत

चिनी मातीच्या भांड्यात फेल्डस्पार हे खनिज वितळून बाकीच्या कणांना सांधतो, ही जुनी गोष्ट. याच रीतीने सांधलेली टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टची हत्यारे १९२० च्या दशकात आली आणि अशा सांधण्यातल्या कण सरकणे, विरघळणे, पुन्हा साचणे या टप्प्यांची मांडणी १९५९ मध्ये झाली. पण द्रव अवस्थेतील सिंटरिंगने, म्हणजे पूड भाजताना थोडा भाग वितळवून कण सांधण्याने, सिरॅमिकची सूक्ष्मरचना (आतल्या कणांची ठेवण) मनासारखी घडवता येते, हा विश्वास सिलिकॉन नायट्राइड या सिलिकॉन-नायट्रोजनच्या संयुगाने दिला.

हा पदार्थ वितळत नाही, त्याआधीच त्याचे विघटन होते. बंध इतके घट्ट की नुसत्या उष्णतेने कण जुळत नाहीत. म्हणून १९५० च्या दशकात सिलिकॉनची पूडच नायट्रोजनमध्ये भाजत. आकार हुबेहूब राहायचा, पण आत पाचवा हिस्सा पोकळ. १९६१ च्या सुमारास मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळून तापत्या साच्यात दाब देण्याची युक्ती आली. पुडीच्या प्रत्येक कणावर सिलिकेचा (सिलिकॉनच्या ऑक्साइडचा) पापुद्रा असतोच. त्याच्याशी मॅग्नेशियाची (मॅग्नेशियम ऑक्साइडची) गाठ पडून साधारण १,५५० अंश सेल्सिअसला द्रव होतो. पोकळ्या बुजल्या. मात्र तोच द्रव निवल्यावर कणसीमांवर, म्हणजे दोन कणांच्या मधल्या जागी, काच होऊन बसला आणि १,००० अंशांपलीकडे मऊ पडू लागला. टर्बाइनची पाती करायला निघालेल्यांना हे परवडणारे नव्हते.

याच काळात सिलिकॉन नायट्राइडच्या दोन स्फटिकरूपांच्या अल्फा आणि बीटा या नावांनी भलताच घोळ घातला. नावांवरून एक कमी तापमानाचे, दुसरे जास्त तापमानाचे रूप असेच वाटते, आणि तसे मानलेही गेले. पण बीटा कितीही सावकाश निववा, अल्फा परत मिळत नाही. मग १९७० च्या आसपास मत पुढे आले की अल्फा शुद्ध नायट्राइडच नव्हे. त्यात ३० नायट्रोजन अणूंमागे १ ऑक्सिजन असतो. पुढे ऑक्सिजन फारच कमी असलेला अल्फा हाती आला आणि हे मत मागे पडले. व्याख्येच्या या भांडणाला अवाजवी महत्त्व मिळाले, असे मला वाटते. भट्टीवरच्या माणसाचा प्रश्न साधा होता : रूपांतर होते कुठे? बंध तुटल्याशिवाय अल्फाचा बीटा होत नाही, आणि ते तुटायची सोयीची जागा म्हणजे द्रव. अल्फा त्यात विरघळतो, बीटा त्यातून बाहेर पडतो आणि एकाच दिशेने लांब वाढत जातो. अल्फा जास्त असलेली पूड घेतली की काड्यांसारखे गुंतलेले कण मिळतात. बीटाच भरला तर कण ठेंगणे राहतात. १९७० च्या दशकाअखेर हा फरक भंगरोधात (तडा पसरू न देण्याच्या ताकदीत) मोजला गेला. लांबट कणांपाशी तडा वळतो, अडतो.

पुढचे सगळे द्रवाच्या रसायनाभोवती फिरते. मॅग्नेशियाऐवजी यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) घातल्याने कणसीमांवरची काच उष्णतेला चिवट झाली, पण काही मिश्रणे १,००० अंशांजवळ हवेत ऑक्सिडीकरणाने फुगून फुटली. नायट्रोजनचा दाब वाढवल्यावर विघटन लांबले आणि जास्त तापमानाला साच्याशिवाय भाजता आले. टर्बाइन मागे राहिले. १९८५ मध्ये जपानी मोटारीच्या टर्बोचार्जरचे चाक मात्र याच पदार्थाचे झाले. आता मागणी विजेच्या गाड्यांतील इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलणाऱ्या यंत्रणेच्या) पट्ट्यांची आहे. तिथे उष्णता वाहून नेणे महत्त्वाचे आणि कणांतला ऑक्सिजन तिला अडवतो, म्हणून द्रवाकडून तो काढून घेण्याचे कामही करवून घेतात.