मायनस व्होल्टेज काढताना ग्राउंड कुठे जोडायचं?

“मायनस बारा देणारं मॉड्यूल आहे का?” असं काउंटरवर कुणी विचारलं की बऱ्याचदा आम्ही नेहमीचंच एलएम २५९६ चं स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारं) मॉड्यूल काढून देतो. भलतीच वस्तू दिली असं वाटू देऊ नका. ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी आयसी) किंवा टोन कंट्रोलच्या बोर्डाला प्लस-मायनस १२ व्होल्ट हवे असतील, तर १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर याच मॉड्यूलमधून मायनस बाजू निघते. फक्त वायरिंग बदलतं, आणि मॉड्यूल जळून परत येतं तेही वायरिंगमुळेच.

ॲडॉप्टरची प्लस वायर इन प्लसला, नेहमीसारखी. ॲडॉप्टरची मायनस वायर मात्र इन मायनसला न लावता आउट प्लसला लावा. हा जोड म्हणजे तुमच्या सर्किटचं ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट. मग आउट मायनसवर -१२ मिळतात.

सवयीने हात इन मायनसकडे जातो. या मॉड्यूलवर इन मायनस आणि आउट मायनस आतून एकच आहेत. मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन्हीला लावा, वाजेल. म्हणजे ॲडॉप्टरची मायनस वायर इन मायनसलाही लावली आणि आउट प्लसलाही, तर आउटपुट सरळ शॉर्ट. आता इन मायनसला ॲडॉप्टरची कुठलीच वायर येत नाही, हे विचित्र दिसतं, पण बरोबर आहे. मॉड्यूलवर त्या जागी ‘ग्राउंड’ छापलेलं असलं तरी ते मॉड्यूलपुरतं. तुमच्या सर्किटच्या हिशेबाने ती जागा -१२ वर आहे.

म्हणूनच मॉड्यूलवरच्या एलएम २५९६ आयसीची धातूची पाठ कॅबिनेटला टेकू देऊ नका. ती पाठ आतून मॉड्यूलच्या ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे आता तीही -१२ वर. हीटसिंक लावलात तर मध्ये अभ्रक किंवा सिलिकॉन पॅड हवाच. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिपही तिथे अडकवू नका. क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, आणि तुमच्या सर्किटचं ग्राउंडही अर्थिंगला असेल तर तोही शॉर्टच.

आता व्होल्टेजचा हिशेब. आयसीवर इनपुट आणि आउटपुटची बेरीज पडते. १२ देऊन -१२ काढले तर २४, काही अडचण नाही. २४ देऊन -१२ काढले तर ३६. आयसीची मर्यादा ४० आहे, म्हणजे काठावर. २४ देऊन -२४ काढायचे असतील तर हे मॉड्यूल नेऊ नका. इनपुटच्या कपॅसिटरवर किती व्होल्ट लिहिलेत, तेही वाचा.

नवीन मॉड्यूलचा प्रीसेट (आउटपुट व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू) कुठे फिरलेला असेल सांगता येत नाही. म्हणून आधी सरळ वायरिंग करून आउटपुट ५ व्होल्टवर आणा, मग उलटं वायरिंग करून हळूहळू वाढवा. मीटरची काळी पिन नव्या ग्राउंडला, लाल आउट मायनसला. आकडा उणे दिसायला हवा.

करंट ३ अँपिअर मिळेल असं धरू नका. १२ ते -१२ मध्ये कॉइलमधून लोडच्या दुप्पट करंट जातो. आम्ही १ अँपिअरच्या आतच राहायला सांगतो. चालू होताना ॲडॉप्टरवर मोठा झटका येतो, त्यामुळे लहान ॲडॉप्टर नुसता लुकलुकत राहतो. दोष मॉड्यूलचा नसतो. त्याच क्षणी मायनस लाइन थोडी प्लसकडेही उसळते. लोड नाजूक असेल तर मायनस लाइन आणि ग्राउंडमध्ये १एन५८२२ डायोड टाका, डायोडवरचा पट्टा ग्राउंडकडे.

नुसत्या दोन-चार ऑप-अँपसाठी हवं असेल तर ही कटकट कशाला? १ वॅटचं आयसोलेटेड मॉड्यूल, बी१२१२एस, घ्या. त्यात इनपुट-आउटपुट आतून जोडलेले नसतात, त्यामुळे इनपुट नेहमीसारखं लावायचं आणि आउटपुटची प्लस पिन ग्राउंडला. पण करंट जेमतेम ८० मिलिअँपिअर.

पहिल्यांदा करत असाल तर सगळं सोल्डर करण्याआधी बोर्ड दुकानात घेऊन या, मीटर लावून पाहू.