विमा असणं वेगळं, उपचार मिळणं वेगळं

आरोग्यावर कुठेही चर्चा निघाली की कोणीतरी येऊन लिहितंच, 'अमुक टक्के लोकांना विमा मिळाला, म्हणजे अमुक टक्के लोकांची उपचारांची सोय झाली.' नाही हो! मधला तो 'म्हणजे' कोणी तपासतच नाही.

विमा काय ते तुम्हाला माहितीये. प्रीमियम, क्लेम, वेटिंग पीरियड, नेटवर्कमधलं हॉस्पिटल, सगळं पाठ असेल, त्यात वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात ठेवा की 'बिल कोण भरणार' याचं उत्तर विमा देतो. पण बिल व्हायला आधी माणूस दवाखान्यात पोचायला लागतो ना.

उपचार मिळणं म्हणजे ज्याला गरज आहे तो वेळेत योग्य डॉक्टरसमोर बसला का आणि सांगितलेलं औषध पुरतं घेतलं का. पेन्चान्स्की आणि थॉमस या दोन अभ्यासकांनी १९८१ मध्ये याचे पाच भाग पाडले: सेवा पुरेशी आहे का, जाण्याइतकी जवळ आहे का, तिच्या वेळा जमतात का, परवडते का, आणि पेशंट-डॉक्टरचं एकमेकांशी पटतं का. विमा यातल्या 'परवडते का'ला हात घालतो, बाकी चार जिथल्या तिथे. सेवा पुरेशी असण्याचंच घ्या, ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या वेल्समधल्या डॉक्टरने १९७१ मध्येच लिहून ठेवलं की चांगली सेवा जिथे सगळ्यात जास्त हवी तिथेच ती कमी असते, आणि हे तो लिहीत होता ब्रिटनमध्ये, जिथे १९४८ पासून सरकारी सेवा सगळ्यांना होती.

आता जिथे सगळे घसरतात ती जागा. विम्याचं कार्ड हातात आल्यापासून डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत जे अंतर असतं ते उत्पन्न आणि शिक्षण ठरवतं, आणि आकडेवारीत ते अंतर दिसतच नाही.

उत्पन्नाचं म्हणाल तर, ज्याचा पगार महिन्याला ठरलेला आहे तो अर्धी रजा टाकतो आणि जातो, रोजावर काम करणाऱ्याचा मात्र त्या दिवसाचा पैसा बुडतो, वर जाण्यायेण्याचा खर्च, लहान मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न, आणि यातलं काहीही क्लेममध्ये येत नाही. शिवाय को-पे, म्हणजे विमा असूनही बिलातला जो वाटा आपल्या खिशातून भरायचा तो. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात प्रयोग केला, काही कुटुंबांना उपचार पूर्ण फुकट, बाकीच्यांना बिलातला वाटा भरायला लावला. वाटा भरणारे डॉक्टरकडे कमी गेले. ठीक आहे, फालतू फेऱ्या वाचल्या असं म्हणाल, पण लोकांनी गरजेच्या फेऱ्याही तेवढ्याच कापल्या, आणि गरीब व बीपी जास्त असलेल्यांना फुकट उपचारांचा फायदा स्पष्ट दिसला. म्हणून को-पेने लोक 'शहाणे होतात' म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

शिक्षणाचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २००८ साली मेडिकेडच्या (गरिबांसाठीचा सरकारी विमा) जागा थोड्या आणि यादीत नाव नोंदवणारे सुमारे ९० हजार, म्हणून चक्क सोडत काढली. ज्यांचा नंबर लागला त्यातले शेवटी साधारण ३० टक्केच विम्यात आले! काही निकषात बसले नाहीत, पण कित्येकांचा फॉर्म परत आलाच नाही. इथे लगेच 'लोकांना अक्कल नाही' सुरू होतं. माझं मत उलटं आहे, फॉर्म लिहिणाऱ्याची परीक्षा घ्या. आणि शिक्षण म्हणजे डिग्री नव्हे, पत्रातली मुदत कळणं, क्लेम नाकारला तर परत अर्ज करता येतो हे ठाऊक असणं, डॉक्टरला 'समजलं नाही, परत सांगा' म्हणायची हिंमत असणं.

याच ओरेगनच्या सोडतीत नंबर लागलेल्यांची न लागलेल्यांशी तुलना करणारा अभ्यास झाला, त्याच्या निकालांवरून दुसरी टोळी म्हणते विमा बेकार, कारण दोन वर्षांत बीपी आणि कोलेस्टेरॉलमध्ये ठळक फरक दिसला नाही. अहो, त्याच अभ्यासात उपचारांचं कर्ज घटलं, नैराश्य कमी झालं, लोक डॉक्टरकडे जास्त जायला लागले. विम्याने विम्याचं काम केलं की! (उपचार मिळणं आणि तब्येत सुधारणं हेही वेगळंच, पण ते परत कधीतरी.)

मला विचाराल तर कार्डं मोजणं बंद करा. युरोपातल्या सर्व्हेत असतो तसा प्रश्न विचारा: गेल्या १२ महिन्यांत गरज असूनही डॉक्टरकडे जायचं राहिलं का, आणि कशामुळे? महाग, लांब, वेटिंग लिस्ट, कामातून वेळ नाही, असे पर्याय असतात त्यात, आणि उत्तरं उत्पन्नाप्रमाणे वेगळी काढून बघता येतात.