सॉनिक्स सिअॅटलमधून गेले कसे : एका भाडेकराराची पार्श्वभूमी

२२ जून २०२५ रोजी ओक्लाहोमा सिटी थंडरने सातव्या, निर्णायक सामन्यात इंडियाना पेसर्सचा पराभव करून एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे विजेतेपद पटकावले. ओक्लाहोमा सिटीचे हे पहिलेच विजेतेपद होते. फ्रँचायझीच्या नोंदींत मात्र ते दुसरे धरले जाते, कारण पहिले १९७९ मध्ये याच फ्रँचायझीने सिअॅटल सुपरसॉनिक्स (थोडक्यात सॉनिक्स) या नावाने, सुमारे अडीच हजार किलोमीटर दूरच्या शहरात खेळत असताना मिळवले होते. सिअॅटलच्या चाहत्यांना ही मोजणी आजही मान्य नाही. त्यांची तक्रार समजून घ्यायची तर संघाच्या स्थापनेपेक्षा २००६ ते २००८ या काळाकडे, आणि त्यातही एका भाडेकराराकडे, पाहावे लागते.

संघ १९६७ मध्ये स्थापन झाला. ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानाचा प्रकल्प तेव्हा या शहरात आकार घेत होता आणि संघाचे नाव त्यावरूनच आले. विमानाचा प्रकल्प १९७१ मध्ये गुंडाळला गेला, पण नाव टिकले. संघ १९७८, १९७९ आणि १९९६ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला. त्याचे मैदान १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारतीत होते. शहराने कर्ज काढून तिचे नूतनीकरण केले आणि १९९५ मध्ये ती की अरीना या नावाने पुन्हा उघडली. कर्ज मैदानाच्या उत्पन्नातून फिटावे अशी रचना होती आणि त्या बदल्यात संघाने सप्टेंबर २०१० पर्यंतचा पंधरा वर्षांचा करार केला होता.

२००१ मध्ये शहरातीलच एका जगप्रसिद्ध कॉफी कंपनीच्या प्रमुखांच्या गटाने संघ २० कोटी डॉलरला विकत घेतला. काही वर्षांतच हे मैदान लीगमधील सर्वांत लहान मैदानांपैकी एक ठरले आणि त्याच्या विस्तारासाठी २२ कोटी डॉलरचा सार्वजनिक निधी मालकांनी मागितला. राज्याच्या विधिमंडळाने तो दिला नाही. जुलै २००६ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील गुंतवणूकदारांच्या गटाला संघ ३५ कोटी डॉलरला विकण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिअॅटलच्या सुमारे ७४ टक्के मतदारांनी, व्यावसायिक संघांना दिलेल्या सार्वजनिक पैशावर शहराला किमान रास्त परतावा मिळालाच पाहिजे, असा नियम संमत केला. या कौलाला बास्केटबॉलविषयीचा तिटकारा म्हणणे चुकीचे आहे. याच भागात बेसबॉलसाठी १९९९ मध्ये आणि अमेरिकन फुटबॉलसाठी २००२ मध्ये सार्वजनिक पैशातून नवी मैदाने उभी राहिली होती. तिसऱ्यांदा हात पसरणाऱ्यांना लोकांनी हिशेब विचारला, इतकेच.

विक्रीच्या करारात एक अट होती. नव्या मालकांनी वर्षभर, सद्भावनेने आणि सर्वतोपरी, सिअॅटल परिसरातच नवे मैदान मिळवण्याचा प्रयत्न करायचा होता. त्यांनी शेजारच्या रेंटन शहरात ५० कोटी डॉलरच्या मैदानाचा प्रस्ताव मांडला, ज्याचा बहुतेक भार करदात्यांवर पडणार होता. २००७ च्या वसंतात विधिमंडळाने तो मतदानालाही घेतला नाही. ऑगस्ट २००७ मध्ये एका भागीदार मालकाने ओक्लाहोमातील वृत्तपत्राला सांगितले की संघ सिअॅटलमध्ये ठेवण्यासाठी घेतलाच नव्हता. लीगने त्याला अडीच लाख डॉलर दंड केला. न्यायालयीन प्रक्रियेत पुढे आलेल्या ई-मेलमध्ये, वर्षाची मुदत संपायला सहा महिने बाकी असतानाच, मालक आपसांत संघ ओक्लाहोमाला कधी नेता येईल याची चर्चा करत असल्याचे दिसले. चाहत्यांच्या दृष्टीने सद्भावनेचा प्रश्न तिथेच निकाली निघाला. परंतु ती अट जुन्या आणि नव्या मालकांमधली होती. जुन्या मालकांनी त्यावर दावा लावला आणि काही महिन्यांत मागे घेतला. चाहते त्या कराराचे पक्षकार नव्हते, त्यामुळे दाद मागण्याची जागा त्यांना नव्हती.

शहराकडे मात्र भाडेकरार होता, आणि या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत वादग्रस्त निर्णय त्याच्याशीच जोडलेला आहे. सप्टेंबर २००७ मध्ये शहराने दावा दाखल केला. मागणी नुकसानभरपाईची नव्हती. ठरल्याप्रमाणे २०१० पर्यंतचे सर्व घरचे सामने याच मैदानात खेळायला लावावेत, ही होती. भाडेकरूने जागा सोडावी म्हणून मालक कोर्टात जातो हे आपल्या परिचयाचे. इथे भाडेकरूने जागा सोडू नये म्हणून जागामालक कोर्टात गेला होता. संघमालकांनी उर्वरित वर्षांसाठी २ कोटी ६५ लाख डॉलर देऊ केले, शहराने ते नाकारले. दरम्यान, एप्रिल २००८ मध्ये लीगच्या मालक मंडळाने २८ विरुद्ध २ मतांनी स्थलांतराला मंजुरी दिली. त्यामुळे जूनमधील सुनावणी सुरू झाली तेव्हा चाहत्यांच्या हाती आशेचा एवढाच धागा उरला होता. पहिल्या दिवशी न्यायालयाबाहेर संघाच्या हिरव्या-सोनेरी रंगांच्या कपड्यांतला मोठा जमाव जमला होता.

सुनावणीत काय मांडले गेले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. संघमालकांचे म्हणणे असे की, दोन वर्षे राहायला लावल्यास त्यांना सुमारे ६ कोटी डॉलरचा तोटा होईल; उलट संघ गेल्याने शहराच्या अर्थव्यवस्थेला काहीच फरक पडणार नाही, कारण लोक तोच पैसा दुसऱ्या करमणुकीवर खर्च करतील. संघ शहरासाठी किती लाभदायक आहे हे सांगत सार्वजनिक निधी मागणाऱ्यांनीच, त्याचा शहराला काही उपयोग नाही, असे शपथेवर मांडले. शहराला मग जे पैशात मोजता येत नाही ते सिद्ध करायचे होते. त्यासाठी शहरातील एक नामांकित लेखक, जो वर्षानुवर्षे हंगामी तिकीट घेऊन सामने पाहत आला होता, साक्षीला उभा राहिला. चाहत्याचे म्हणणे न्यायालयाच्या नोंदीत आले ते मुख्यतः या एका साक्षीतून. दुसऱ्या बाजूने शहरालाही अडचणीत आणणारा कागद निघाला. शहराच्या बाजूच्या काही प्रतिष्ठितांनी तयार केलेल्या त्या टिपणात, मालकांना करारात अडकवून तोटा सोसायला लावावा म्हणजे ते संघ स्थानिकांना विकतील, अशी आखणी होती. शहराचे हात स्वच्छ नाहीत, हा मालकांचा युक्तिवाद या टिपणावर उभा होता.

निकाल २ जुलै २००८ रोजी दुपारी लागायचा होता. त्याच्या काही तास आधी शहराने संघाला जाऊ देण्याची तडजोड केली. त्या बदल्यात शहराला साडेचार कोटी डॉलर ताबडतोब मिळणार होते. राज्याने २००९ अखेरपर्यंत मैदानासाठी निधी मंजूर केला आणि तरीही पाच वर्षांत शहराला नवा संघ मिळाला नाही, तर आणखी ३ कोटी मिळणार होते. राज्याने निधी मंजूर केला नाही, त्यामुळे ते ३ कोटी कधीच मिळाले नाहीत. निकाल जाहीर झालाच नाही.

तडजोडीचे समर्थक सांगतात की, जिंकूनही शहराला फक्त दोन वर्षांचा, जाण्याच्या तयारीत बसलेला संघ मिळाला असता आणि हरल्यास कदाचित काहीच नाही. साडेचार कोटींतून मैदानाचे उरलेले कर्ज तरी फिटले. हा हिशेब चुकीचा नाही. पण मार्च २००८ मध्येच स्थानिक उद्योजकांच्या एका गटाने ३० कोटी डॉलरच्या नूतनीकरणातला अर्धा वाटा स्वतः उचलण्याची तयारी दाखवली होती, याचा त्यात विचार नाही. दोन वर्षांत विधिमंडळ बदलू शकले असते, मालक कंटाळू शकले असते, लीगची भूमिकाही नरम पडू शकली असती. मालकांवर खरा दबाव आणू शकणारी एकच गोष्ट वेळ होती आणि शहराने ती विकली. तडजोड ठरली त्या खोलीत चाहत्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते, ही गोष्ट मला या साऱ्या व्यवहारात सर्वांत जास्त खटकते.

शेवटचा घरचा सामना त्याआधीच, १३ एप्रिलला, झाला होता. संघाने त्या हंगामात ८२ पैकी अवघे २० सामने जिंकले होते, तरी त्या रात्री डॅलसविरुद्ध ९९-९५ असा विजय मिळाला. अखेरच्या मिनिटाला आघाडी देणारा फटका १९ वर्षांच्या नवख्या खेळाडूने मारला, आणि प्रेक्षक ‘सेव्ह अवर सॉनिक्स’ असा घोष करू लागले तेव्हा तो हात उंचावून त्यांना आणखी जोराने ओरडायला सांगत होता.

तडजोडीनुसार नाव, बोधचिन्ह आणि रंग सिअॅटलच्या भावी संघासाठी राखून ठेवले गेले आणि ओक्लाहोमाला ते वापरता आले नाहीत. इतिहास मात्र ‘सामायिक’ ठरवण्यात आला, आणि १९७९ च्या विजेतेपदाचा घोळ या एका शब्दातून निघाला आहे. विजेतेपदाचा करंडक सिअॅटलमध्ये राहिला, नोंद ओक्लाहोमाबरोबर गेली. भावी संघ अस्तित्वात येईपर्यंत सामायिक म्हणजे प्रत्यक्षात एकाच पक्षाच्या ताब्यात, असा त्याचा अर्थ होतो.

त्यानंतर सिअॅटलच्या चाहत्यांवर एकदा उलट्या बाजूला उभे राहण्याची वेळ आली. २०१३ च्या जानेवारीत सिअॅटलच्या गुंतवणूकदारांनी सॅक्रामेंटोचा संघ विकत घेऊन आणण्याचा करार केला. पाच वर्षांपूर्वी आपल्यावर जे ओढवले तेच दुसऱ्या शहरावर लादावे का, यावर चाहत्यांत फूट पडली. मे महिन्यात मालक मंडळाने २२ विरुद्ध ८ मतांनी ते स्थलांतर फेटाळले. याच गुंतवणूकदारांच्या नियोजित मैदानासाठी लागणारा रस्त्याचा तुकडा देण्यास २०१६ मध्ये नगर परिषदेने ५ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला. अखेर जुन्या इमारतीचेच छत, ते संरक्षित वारसा असल्याने, आधारांवर तोलून धरून खाली नवे मैदान खोदले गेले. शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे हे मैदान २०२१ मध्ये खाजगी पैशातून उभे राहिले.

तिथे आज आइस हॉकीचा संघ खेळतो, आणि महिला बास्केटबॉलचा सिअॅटल स्टॉर्म. २००६ च्या विक्रीत स्टॉर्मही ओक्लाहोमाच्या गटाकडे गेला होता. २००८ च्या सुरुवातीला चार स्थानिक महिलांनी १ कोटी डॉलर देऊन तो वेगळा विकत घेतला आणि शहरातच ठेवला. त्यानंतर त्याने २०१०, २०१८ आणि २०२० मध्ये विजेतेपद मिळवले, आणि ती सारी सिअॅटलच्याच नावावर आहेत.